व्हिएन्नाचं अंदाजपत्रक

“पप्पा, हॉटेलच घ्या. सकाळचा नाश्ता त्यातच येतो,” तृप्ती मला तिसऱ्यांदा सांगत होती.

“नाश्त्याला काय देतात?”

“पाव, चीज, अंडी, फळं. पाहिजे तेवढं खायचं.”

“म्हणजे पावच की,” मी म्हटलं आणि हॉटेलच्या आकड्यावर काट मारली.

म्युनिकमधल्या लेकीच्या स्वयंपाकघरात मी टेबलाशी बसलो होतो. समोर चौकडीचा कागद, पट्टी, पेन्सिल आणि खोडरबर. माझी बायको शालन खिडकीपाशी जमिनीवर पाय पसरून बसली होती आणि दहा आठवड्यांच्या नातवाला पायांवर पालथं घालून त्याच्या पाठीला तेल चोळत होती. त्या दोघांचेही डोळे मिटलेले होते. बाळाचे सुखानं आणि तिचे झोपेनं.

या गोष्टीला आता नऊ वर्षं होतील. कागद मात्र अजून माझ्या कपाटात आहे. कागद फेकायची सवय मला नाही. एकतीस वर्षं बांधकाम खात्यात काढली, साताऱ्यात, वाईत, परत साताऱ्यात, आणि त्यातली निम्मी अंदाजपत्रकं करण्यात गेली. रस्ता असो की शाळेची खोली, आधी माझा कागद आणि मग गवंड्याची थापी. हाताखालच्या पोरांना मी सांगत असे, प्रत्येक कामापुढं तीन रकाने असतात: साहित्य, वाहतूक, मजुरी. एकदा एका नव्या पोराकडून मजुरी धरायची राहून गेली, तर सगळ्यांसमोर फाईल त्याच्या अंगावर टाकली होती. “भिंत काय आपली आपण उभी राहते का रे?” असं विचारलं होतं. त्या वाक्यावर सगळं ऑफिस हसलं होतं आणि मला ते बरेच दिवस पुरलं होतं.

तर मी निवृत्त झालो, आणि त्याच वर्षी तृप्तीचं बाळंतपण आलं. नव्वद दिवसांचा व्हिसा काढून आम्ही दोघं म्युनिकला गेलो. तिथं माझ्याकडं कामं दोन. बाबागाडी घेऊन नदीकाठी एक फेरी मारायची आणि कचरा चार डब्यांत वेगवेगळा टाकायचा. ती मी चोख केली. बाकीचं शालनकडं. बाळंतिणीचा शेक, बाळाची अंघोळ, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, चार माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक, आणि बाळ रडलं की उठणं. ती कधी बसलेली दिसली तर मांडीवर बाळ असायचं किंवा समोर परात.

एका शनिवारी जावई निनादराव कामावरून आले आणि तृप्तीनं एक पाकीट शालनच्या हातात दिलं.

“आई, तू आणि पप्पा चार दिवस व्हिएन्नाला जाऊन या. निनाद रजा घेतोय. आम्ही सांभाळू बाळाला.”

शालननं पाकीट घेतलं, क्षणभर हातात धरलं आणि नेहमीसारखं माझ्याकडं दिलं. आमच्या घरात पैसा कुठूनही आला तरी माझ्याच हातात येतो. आत सहाशे युरो होते आणि तृप्तीच्या अक्षरातली एक चिठ्ठी. बस शहाण्णव. हॉटेल तीन रात्री, नाश्त्यासह, दोनशे सत्तर. तिथल्या ट्रामचे पास चौतीस. राजवाडा तीस. जेवणखाण एकशे चाळीस. आणि शेवटी, कॉफीहाऊस, आईसाठी, तीस.

“हे काय कॉफीहाऊस?” मी विचारलं.

“तिथली जुनी कॉफीची हॉटेलं आहेत, पप्पा. आईला मी फोनवर दाखवली होती. एक कप मागवायचा आणि दिवसभर बसायचं. कुणी उठवत नाही.”

“एका कपावर दिवसभर? त्यांचं परवडतं कसं?”

“त्यांचं त्यांना परवडतं हो,” शालन म्हणाली. त्या दिवशी ती तेवढंच बोलली.

आता माझी अडचण सांगतो. माझे वडील थोरल्या बहिणीच्या सासरी गेले, की तिला मूल होईपर्यंत तिथं पाणीसुद्धा घेत नसत. गाडीतून तांब्या भरून न्यायचे. लेकीच्या घरचं खाऊ नये, असं आमच्याकडं होतं. मी काही इतका कर्मठ नाही. जेवलो, राहिलो, जावयाचा कोटसुद्धा घातला. पण लेकीच्या संसारातून सहाशे युरो, म्हणजे पंचेचाळीस हजार रुपये, घेऊन फिरायला जायचं, हे माझ्या घशाखाली उतरेना. नाही म्हणावं तर जावयाचा अपमान. म्हणून मी मधला मार्ग काढला. जायचं, पण असं जायचं की निम्मे पैसे परत आणून लेकीच्या हातावर ठेवायचे. बाप म्हणून मान राहील, आणि अंदाजपत्रक काय असतं हे त्या दोघांना कळेल तरी.

म्हणून त्या सकाळी मी कागद आखून बसलो होतो.

हॉटेल गेलं. त्याजागी शहराच्या कडेला एक खोली घेतली, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, पण आत शेगडी आणि भांडी. तीन रात्रींचे एकशे पासष्ट. राजवाड्याची बाग फुकट असते असं समजल्यावर राजवाडा गेला. आतल्या पलंगांना बघून काय करायचंय? मग जेवणखाण.

“शालन, तांदूळ, डाळ, कणीक इथूनच नेऊ. छोटा कुकर आणि तवा घेऊ. तिथं फक्त दूध आणि भाजी घ्यायची. वीस युरोत होतंय बघ.”

तिनं डोळे उघडले. बाळाला उताणं केलं आणि त्याच्या छातीवर हात फिरवत राहिली.

“लाटणं पण न्यावं लागेल,” ती म्हणाली.

“घे की. बसला एक बॅग फुकट आहे.”

मी लिहिलं: जेवण. साहित्य, वीस. वाहतूक, शून्य. मजुरीखाली आडवी रेघ. मग कॉफीहाऊसवर आलो.

“कॉफी खोलीवरच करता येईल, काय?”

तृप्ती काहीतरी बोलणार होती. शालननं तिच्याकडं बघून मान हलवली.

“येईल की,” शालन म्हणाली आणि बाळाला टॉवेलात गुंडाळून उठली. उठताना तिनं एक हात भिंतीला लावला होता. तो मी पाहिला, पण तेव्हा मी बेरीज करत होतो. तीनशे पंधरा. वर पाच टक्के आकस्मिक खर्च, सोळा. एकूण तीनशे एकतीस.

बसमध्ये शालन सहा तास झोपली. डोंगर आले, तळी आली, सरहद्द आली. मी तिला दोनदा हलवलं. “बघ तरी, ऑस्ट्रिया आला.” तिनं “हं” म्हटलं आणि डोकं काचेवर ठेवलं. मला जरा रागच आला. तिकिटाचे पैसे दोघांचे सारखेच होते.

चौथा मजला म्हणजे शहाण्णव पायऱ्या निघाल्या. बॅग मी वाहिली, कुकरची पिशवी तिनं. दर मजल्याला ती थांबत होती, आणि मी वरून “आलं, आलं” म्हणत होतो. खोली स्वच्छ होती. पडदे, दोन खुर्च्या, खिडकीतून समोरच्या घराची भिंत. शेगडी विजेची, जुनी, जाड लोखंडी तबकड्यांची. शालननं बटण फिरवलं, हात वर धरून पाहिलं, पुन्हा फिरवलं.

“तापतच नाही ही.”

“वेळ लागत असेल. थांब की जरा.”

ती थांबली. पंधरा मिनिटांनी तबकडी कोमट झाली. खिचडीला सव्वा तास लागला. मी तोवर नकाशा पाठ केला आणि जेवण झाल्यावर म्हणालो, “बघ, दोघांचं जेवण दीड युरोत. खाली हॉटेलात तीसला पडलं असतं.” ती कुकर घासत होती. तिथल्या घासणीनं करपलेलं निघत नाही, असं ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी सातला उठलो तर डबा तयार होता. ती पाचला उठली होती. तबकडी तापायला ठेवायची, तोवर कणीक मळायची. तवा तापला की दोन पोळ्या व्हायच्या आणि मग तो परत थंड पडायचा. पोळपाट नव्हता, म्हणून टेबलावरच लाटल्या होत्या. तो डबा घेऊन आम्ही राजवाड्याच्या बागेत गेलो. बाग काय सांगावी महाराजा, मैलभर सरळ रेषेत कापलेली झाडं. मी तिला अंतर, उंची, कारंज्याचा दाब असं सगळं समजावत होतो. ती एका बाकावर बसली आणि चपलेतून पाय बाहेर काढला. घोटा सुजला होता.

“काय झालं?”

“काही नाही. पायऱ्यांनी झालं असेल. जेवून घेऊ या.”

बाकावर पोळी-भाजी खाल्ली. परत जाताना ट्रामच्या वाटेवर ते कॉफीहाऊस लागलं. मोठ्या काचा, आत मखमली बाकं, उंच छत, पिवळसर दिवे. शालन काचेपाशी उभी राहिली. आत तिच्याच वयाची एक बाई एकटीच बसली होती, वर्तमानपत्र पुढ्यात, पण वाचत नव्हती. काळ्या जाकिटातला वेटर आला. त्यानं तिच्यापुढं एक छोटा चांदीचा ट्रे ठेवला. त्यावर कप, आणि शेजारी पाण्याचा पेला, पेल्यावर आडवा चमचा. ठेवून तो किंचित वाकला आणि गेला.

“पाणीसुद्धा आणून देतात,” शालन म्हणाली.

दाराशी दरपत्रक लावलं होतं. मी चष्मा वर करून वाचलं. “एक कप चार साठ. साडेतीनशे रुपये, शालन. एवढ्यात आपल्याकडं महिन्याची पावडर येते. चल, खोलीवर जाऊन मस्त करू.”

ती अजून आत बघत होती. मग “बरं” म्हणाली आणि माझ्यामागून चालायला लागली. बत्तीस वर्षांत ती किती वेळा “बरं” म्हणाली असेल, त्याचा अंदाज मला कधी घ्यावासा वाटला नाही. सोयीचा शब्द होता.

तिसऱ्या दिवशी ती उठली, चहा केला, आणि पलंगावर परत बसली. “तुम्ही जाऊन या. पाय आज साथ देत नाही.”

“अगं, पासचे पैसे फुकट जातील.”

“तुमचा तरी वसूल करा.”

मी गेलो. पूल पाहिले, चर्च पाहिलं, नगरभवनाचं दगडकाम हात लावून पाहिलं. दुपारी वारं सुटलं आणि मला लघवीला लागली. वय झालं की ती वाट बघत नाही. सार्वजनिक शौचालय कुठं दिसेना. नकाशा उलटासुलटा केला, दोन चौक पळतच ओलांडले, आणि समोर कालच्याच त्या मोठ्या काचा. मी सरळ आत शिरलो आणि काम उरकून आलो. बाहेर पडताना तो काळ्या जाकिटातला माणूस वाटेत उभा. त्यानं काही विचारलं नाही, फक्त हातानं एक रिकामं बाक दाखवलं. मी बसलो. नाही म्हणायला मला त्याची भाषा येत नव्हती, असं मी स्वतःला सांगितलं.

कॉफी आली. ट्रे, पेला, आडवा चमचा. तो वाकला. माझ्यापुढं आजवर कंत्राटदार वाकले होते, पण त्यात काम असायचं. याचं माझ्याकडं काहीच काम नव्हतं. बाक मऊ होतं. आत ऊब होती. मी पाऊण तास बसलो आणि कुणी उठवलं नाही. पेल्यातलं पाणी संपलं तर त्यानं न सांगता दुसरा पेला आणून ठेवला. इतकं बरं वाटलं की मला शालनची आठवणसुद्धा झाली नाही, आणि हे मी आज पहिल्यांदाच कबूल करतोय. चार साठ बिल आणि पन्नास सेंट टीप. बशीत साखरेच्या दोन पुड्या उरल्या होत्या, वर त्या जागेचं नाव छापलेलं. पैसे भरलेत तर सोडायच्या कशाला, म्हणून कोटाच्या खिशात टाकल्या.

वर आलो तर भाजी झाली होती, आणि दुसऱ्या दिवशीच्या बससाठी दशम्या बांधून ठेवल्या होत्या.

“झोपलीस का जरा?”

“शेगडी तापेपर्यंत डोळा लागला होता. तुम्ही कुठं कुठं गेलात?”

“नुसतं चाललो. पाय मोडले.” ते खोटं नव्हतं. मी वहीत लिहिलं, आकस्मिक, पाच युरो दहा सेंट.

चौथ्या दिवशी संध्याकाळी म्युनिकला परतलो. तृप्तीनं दार उघडलं आणि आधी आईकडं पाहिलं.

“काय गं, कॉफी प्यालीस?”

“आधी बाळाला दे,” शालन म्हणाली आणि हात धुवायला गेली.

मी मात्र दमलेलो असूनही फुशारकीत होतो. निनादरावांना बोलावलं, टेबलाशी बसवलं, कागद उघडला. “मंजूर सहाशे. अंदाज तीनशे एकतीस. प्रत्यक्ष खर्च तीनशे अठरा युरो दहा सेंट. अंदाजापेक्षा खाली, पाहा. हे उरलेले.” आणि मी दोनशे ऐंशी युरो आणि वरची नाणी तृप्तीपुढं सरकवली. “लेकीचं घेऊन आम्ही श्रीमंत होणार नाही, बाळा.”

तृप्तीनं नोटांना हात लावला नाही. ती आईकडं बघत होती. शालन बाळाला खांद्यावर घेऊन दाराशी उभी होती.

“आई, तू यांना सांगितलंच नाहीस?”

“काय सांगायचं होतं?” मी विचारलं.

“पप्पा, हे आमचे पैसे नाहीत. आईचे आहेत.” तृप्ती म्हणाली. “इथं बाळंतिणीपाशी बाई ठेवली असती तर तीन महिन्यांचे सहा हजार गेले असते. आम्ही आईला म्हटलं, काहीतरी घे. ती घेईना. फार मागं लागले तेव्हा म्हणाली, द्यायचंच असेल तर मला चार दिवस कुठंतरी नुसतं बसू दे.”

निनादराव खाली बघत होते. मी कागदाकडं पाहिलं, कारण दुसरीकडं बघायला जागाच नव्हती.

“हे पाच दहा कशाचे?” शालननं विचारलं. उभ्या आयुष्यात तिनं माझ्या हिशोबातली एक ओळ कधी विचारली नव्हती.

“ते? शौचालयाचे. तिथं पैसे घेतात.”

ती जवळ आली. बाळाला एका हातावर सावरलं, दुसरा हात आपल्या स्वेटरच्या खिशात घातला आणि साखरेच्या दोन पुड्या त्या नोटांवर ठेवल्या. निघायच्या आधी माझ्या कोटाची घडी घालताना तिला त्या सापडल्या असणार. खाई त्याला खवखवे म्हणतात. माझ्या तर कानापर्यंत खवखवलं.

“ह्या पण धरा हिशोबात,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. तसा चढवण्याइतकी ताकदच तिच्यात नव्हती.

“तू बोलली का नाहीस, शालन?”

“बोलले असते तर सगळे सहाशे तुम्ही त्याच दिवशी परत केले असते. निदान बसमध्ये तरी बसायला मिळालं.”

“आपण परत जाऊ. नुसतं कॉफीला जाऊ. उद्याच जाऊ.”

“नको. सहा दिवस राहिलेत. हिचं मेतकूट, भाजणी, मसाला करून ठेवायचाय.” तिनं बाळ तृप्तीकडं दिलं, टेबलावरचे पैसे उचलले, मोजले नाहीत, आणि आपल्या पर्समध्ये ठेवले. आमच्या संसारात पैसे तिच्या पर्समध्ये गेलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. मग ती आत जाऊन पडली. बाळ रडलं तरी उठली नाही. तृप्ती उठली.

साताऱ्याला आल्यावर आठव्या दिवशी दारात एक बाई उभी राहिली. “काकूंनी बोलवलंय. पोळ्यांला.” तिचं नाव इंदू. पोळ्यांची बाई आपल्याला परवडत नाही, हे माझं पंचवीस वर्षांचं ठाम मत होतं आणि ते शालनला पाठ होतं. तिनं मला विचारलं नाही. युरो पुण्याहून बदलून आणले होते, ते सव्वा वर्ष पुरले. पुढचे पगार मी गुपचूप द्यायला लागलो. त्याबद्दल आमच्यात कधी बोलणं झालं नाही. माफी मागायची मी बऱ्याचदा ठरवली, पण मला कागदावरचंच बोलता येतं.

पहिल्याच दिवसाचं एक आठवतं. मी बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसलो होतो. आत शालन खुर्चीवर बसली होती आणि इंदू ओट्याशी लाटत होती.

“काकू, परदेशात फिरून आला म्हणं तुम्ही? यवढं मोठं शहर. कसं हाय वो तिथं?”

मी पेपर खाली घेतला. बाग सांगेल, ती काच सांगेल, ट्रे सांगेल, असं मला वाटलं.

“तिथली शेगडी फार उशिरा तापते,” शालन म्हणाली.

इंदूचं लाटणं थांबलं. तिला पुढचं काही विचारावं लागलं नाही.

“मग लय वेळ जात आसंल, काकू.”

“चार दिवस गेले,” शालन म्हणाली.